साहेबाची वीट

माझ्या वडिलांना, तात्यांना, गावात कुणी फौजी म्हणत नसे. आमच्या कोरेगावच्या बाजूला एकेका आळीत चार-चार पेन्शनर. त्यांच्या मिशा, त्यांच्या काठ्या आणि त्यांच्या लढाया सगळ्या गावाला पाठ. संध्याकाळी पारावर कुणी बर्मातली दलदल सांगायचा, कुणी आफ्रिकेतलं वाळवंट, आणि ऐकणारे ‘आरं तिच्यायला’ म्हणत पुढं सरकायचे. तात्याही मोठ्या लढाईत इटलीपर्यंत जाऊन आलेले, पण पलटणीत ते लंगरी. म्हणजे आचारी. त्यामुळं पारावर त्यांची गोष्ट कधी कुणी मागितली नाही, आणि आपण होऊन सांगायचा त्यांचा स्वभाव नव्हता. कुणी चेष्टेनं विचारलंच, ‘तात्या, तुमी किती जर्मन मारलं?’ तर ते शांतपणे म्हणायचे, ‘मारलं न्हाईत, जेवू घातलं. धरून आणलेल्यास्नी बी भूक लागती.’ आणि धोतर झटकून घरी यायचे.

घर आमचं साधंच. आळीतली सगळी घरं मातीची, आमचंही मातीचंच. फक्त रस्त्याकडची एक भिंत भाजक्या विटांची होती. पलटणीतून सुटून आल्यावर तात्यांनी ती हौसेनं बांधून घेतली होती आणि बाकीच्या तीन भिंतींपर्यंत हौस पोचली नव्हती. पहाटे म्हशीची धार चरवीत पडायची, मग गिरणीची पुकपुक सुरू व्हायची, आणि त्या दोन्हींच्या मधे आमच्या घरातून एक तिसरा आवाज यायचा, जो गावात दुसऱ्या कुठल्या घरातून येत नव्हता. फळीवर कांदा चिरायचा. आई विळीवर चिरायची, ती बसून आणि बिनआवाजी. तात्या उभ्यानं, सुरीनं, खटखटखट. दहा कांद्यांचा ढीग आई चुलीला फुंकर घालेपर्यंत तयार. ‘आवं, माणसं बघत्यात. बाईमाणसाचं काम हाय त्ये,’ आई दाराकडं बघत म्हणायची. ‘बघू दे की. जेवायला येत्यात तवा इचारत्यात का कुणी चिरला म्हणून?’ असं म्हणून ते लसूण पुढं ओढायचे. आई रागावल्यासारखं करायची, पण तिच्या माहेरच्या बायका आल्या की हीच गोष्ट ती पदर तोंडाला लावून चारचारदा सांगायची.

आमच्याकडं घेवडा चांगला पिकायचा. घेवड्याची आमटी, जोंधळ्याची भाकरी, थंडीत हुलग्याचं माडगं, यावर आम्ही वाढलो. पण तात्यांचं खरं राज्य म्हणजे गावातली लग्नं. पाचशे पान असो की हजार, पहाटे चर खणून चुलाण पेटलं की तात्यांना बोलावणं यायचं. ते डोक्याला पंचा बांधून, हातात उलथनं घेऊन उभे राहिले की वरबापापासून सगळे त्यांचं ऐकायचे. आमटी ते कधी जिभेवर ठेवून बघत नसत. काहिलीवर वाकून एकदा वास घ्यायचे आणि सांगायचे, ‘धन्याचा कच्चा वास अजून गेला न्हाई.’ मी लहानपणी त्यांच्या मागं उभी राहून हा तोरा डोळे भरून बघायची. मिशीवाल्या सुभेदारांच्या पोरींना जे वाटत असेल तेच मला वाटायचं. आज सत्तरीच्या उंबरठ्यावर, सांगलीच्या या घरात गॅसच्या शेगडीपुढं उभी राहिले की माझाही हात आमटी चाखायला जात नाही, नाकच पुढं जातं.

मी अकरावीला, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकला होते त्या वर्षी, गुऱ्हाळं चालू असताना, विलायतेहून पत्र आलं. पलटणीच्या जुन्या कचेरीतून फिरत फिरत आलेलं, कोपरे मळलेलं, निळसर कागदाचं. पोस्टमन ते देताना आळीभर ओरडत आला, त्यामुळं पत्र घरात यायच्या आत दहा-बारा माणसं सोप्यात येऊन बसली. पुढं होता आमच्या भावकीतला सर्जेराव. बोलायला फाकडा, मनानं वाईट नाही, पण हशा पिकवायची संधी त्यानं आयुष्यात सोडली नाही. इंग्रजी पत्र वाचणार कोण? बर्वे सर. ते आम्हाला हायस्कूलला इंग्रजी शिकवायचे. वाईकडचे, किडकिडीत, सायकलच्या कॅरिअरला कायम दोन पुस्तकं. ‘सुमन, तुला सांगलीला कॉलेजला पाठवायचंच,’ असं तात्यांच्या मागं लागून त्यांनीच वदवून घेतलं होतं. मला ते देवासारखे. तात्यांनी मला त्यांना बोलवायला पाठवलं आणि सर सायकल तशीच अंगणात टाकून आले.

पत्र एका बाईचं होतं. मार्गारेट नावाच्या. तिचे वडील कॅप्टन हॅरिस हे तात्यांच्या पलटणीत साहेब होते. सर एक ओळ इंग्रजीत वाचायचे, मग मराठीत सांगायचे. सोप्यात चिडीचूप. ‘प्रिय जाधव, तुम्ही मला ओळखत नाही. माझे वडील तुमच्याविषयी पुष्कळदा बोलत.’ आईनं पदर सावरला. तात्या खांबाला टेकून खाली बघत बसले होते. ‘माय फादर ऑल्वेज सेड यू वेअर अ ब्रिक,’ सरांनी वाचलं आणि ते थांबले. पुन्हा मनाशी वाचलं. खिशातून छोटी डिक्शनरी काढून बघितली. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसत होता. सगळ्यांचे डोळे त्यांच्यावर. शेवटी त्यांनी सांगितलं, ‘माझे वडील नेहमी म्हणत, तुम्ही... वीट होता.’

‘काय व्हता?’ सर्जेराव कानाला हात लावून म्हणाला.

‘वीट. ब्रिक म्हणजे वीट.’

‘म्हंजे तात्या, सायबाला बी तुमचा वीट आला व्हय!’ सर्जेराव म्हणाला आणि सोपा हसण्यानं भरून गेला. सरांनी हात वर करून पुढची ओळ वाचली, सावरायला म्हणून. तिथं पुन्हा तोच शब्द. ‘आय होप आय ॲम नॉट ड्रॉपिंग अ ब्रिक बाय रायटिंग टु यू.’ सर अडखळत म्हणाले, ‘हे पत्र लिहून मी... वीट टाकत नाही, अशी आशा आहे.’ आता कुणाला आवरेना. सर्जेरावानं आमच्या पुढच्या भिंतीवर थाप मारली. ‘आत्ता कळलं रं गड्या! तात्यानं सायबाच्या छावणीतल्या विटा आणल्या, आन त्याची पोरगी आता हिसाब मागाय लागलीया. न्हाईतर आख्ख्या आळीत एकच भित पक्की कशी?’ माणसं एकमेकांच्या मांडीवर थापा मारून हसत होती. सरांच्या हातात पत्र तसंच राहिलं. तात्या उठले, त्यांच्या हातातून कागद अलगद घेतले, घडी घातली आणि म्हणाले, ‘मास्तर, च्या घ्या. बरं झालं आलासा.’ दुसरं पान वाचायचं राहिलंच.

चेष्टा चेष्टेतच राहायला हवी होती. पण गावात एखादा शब्द चिकटला की निघत नाही. पोरं आमच्या दारावरून जाताना ‘वीट, वीट’ ओरडायची. बाजारात एकानं तात्यांना विचारलं, ‘काय, हजारी काय भाव लावला?’ तात्या हसले. पण त्या उन्हाळ्यात लग्नसराई आली आणि पहिलं बोलावणं आलं तेव्हा ते म्हणाले, ‘औंदा कंबर धरलीया, जमायचं न्हाई.’ दुसऱ्यालाही तेच. कंबर धरलेली नव्हती. ते रोज उसाला पाणी पाजत होते. पण त्या वर्षी त्यांनी एकाही लग्नात उलथनं हाती धरलं नाही, आणि घरातली सकाळची खटखटही हळूहळू बंद पडली. आई विळीवर चिरायची आणि गप्प असायची. मला सरांचा राग आला, मग रागाची लाज वाटली. ते पत्र पुन्हा कुणाच्या हाती लागू नये म्हणून मी ते तात्यांच्या पेटीतून काढलं आणि जूनमध्ये सांगलीला कॉलेजला गेले तेव्हा माझ्या वहीच्या पुठ्ठ्यात घालून नेलं. उघडून वाचायचा धीर मला झाला नाही.

सांगलीला मी मावशीकडं राहायची. मावशीचे यजमान हळदीच्या अडत्याकडं कामाला होते. ते घरी आले की आधी वास यायचा, मग ते. त्यांचे सदरे कितीही धुतले तरी काखेत पिवळेच, आणि आमच्या गाद्यांना, पुस्तकांना, अगदी पावसाळ्यातल्या भिंतींनासुद्धा हळदीचा वास यायचा. घर कृष्णेच्या घाटापासून जवळ. मधल्या चौकात एक नळ, आणि चौकापलीकडच्या खोलीत मार्थाबाई. वय साठीचं, पांढरं पातळ, पांढरे केस, कडक आवाज. मोठ्या लढाईच्या वेळी त्या पुण्यात लष्करी दवाखान्यात नर्स होत्या, पुढं मिरजेला नोकरी करून रिटायर झाल्या होत्या. एकट्या राहायच्या. मावशीची पोरं त्यांना भ्यायची, मीही थोडी भ्यायचीच. कपात चहा ओतताना मी बशीत सांडला की त्या नुसतं बघायच्या.

श्रावणात चौकातल्या शेवाळावरून पाय घसरून मार्थाबाई पडल्या आणि घोट्याचं हाड मोडलं. गुडघ्यापर्यंत प्लास्टर. त्यांना कुणी नातेवाईक नव्हतं, आणि असते तरी त्यांनी बोलावलं नसतं असा बाणा. मावशीनं मला सांगितलं, ‘सुमे, जाता-येता बघत जा गं.’ मी सकाळी नळाचं पाणी भरून द्यायची, कॉलेजातून आले की मऊ भात करायची, त्यांना भिंतीचा आधार देऊन मोरीपर्यंत न्यायची. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, ‘मला दया दाखवायला येऊ नकोस.’ मी म्हटलं, ‘दया नाही बाई, मावशीनं सांगितलंय.’ हे उत्तर त्यांना आवडलं असावं. मग त्या हळूहळू बोलायला लागल्या. मॅट्रन कशी, गोरे सोल्जर कसे, ते साध्या शब्दांचं काय काय करायचे. पैशाला ‘ब्रास’ म्हणायचे, चहाला ‘चार’. ‘तुमच्या कॉलेजात शिकवतात ती इंग्रजी इस्त्रीची,’ त्या म्हणायच्या. ‘माणसं आजारी पडली की घरातली बोलतात.’

प्लास्टर निघालं त्या दिवशी मी त्यांना रिक्षातून घरी आणलं. खुर्चीवर बसल्या, पाय हलवून बघितला, आणि माझा हात धरला. त्या कधी कुणाला हात लावत नसत. म्हणाल्या, ‘सुमन, यू आर अ ब्रिक.’

माझ्या डोळ्यांपुढं आमचा सोपा आला. सर्जेरावाचा हात भिंतीवर. मी हात सोडवून घेतला. मला रडूच कोसळलं. ‘बाई, दीड महिना मी तुमचं सगळं केलं,’ मी म्हटलं, ‘आणि तुम्ही मला वीट म्हणता?’

मार्थाबाईंना क्षणभर काही कळेना. मग त्या हसायला लागल्या, आणि मी आणखी रडायला लागल्यावर एकदम गप्प झाल्या. ‘अगं वेडे, ही शिवी नाही. आमची मॅट्रन वर्षातून एखाद्याला म्हणायची हे. प्लेगच्या वॉर्डात एक म्हातारी आया होती, सगळे पळाले तरी ती राहिली, तिला म्हणाली होती. ब्रिक म्हणजे असं माणूस की ज्याच्यावर भार टाकून निर्धास्त व्हावं. खरं, पक्कं, सोडून न जाणारं. याच्याहून मोठा मान इंग्रज माणूस तोंडानं देत नाही. त्यांना गोड बोलायची लाज वाटते, म्हणून असं कायतरी बोलतात.’

मी डोळे पुसून विचारलं, ‘आणि ब्रिक टाकणं?’

‘ड्रॉप अ ब्रिक? म्हणजे भलत्या ठिकाणी भलतंच बोलून बसणं. पण तू हे कुठं ऐकलंस?’

मी चौकातून धावत गेले आणि वही घेऊन आले. मार्थाबाईंनी चष्मा लावला, दारातल्या उजेडाला पत्र धरलं आणि पहिलं पान वाचलं. मान हलवली. ‘तुझ्या वडिलांना म्हटलंय हे? तिला भीती वाटतेय की अचानक पत्र लिहून आपण काही आगाऊपणा तर करत नाही ना. सभ्य बाई आहे.’ मग त्यांनी पान उलटलं आणि त्या सावकाश, मराठीत, मला वाचून दाखवू लागल्या. ते शब्द मला आजही तसेच ऐकू येतात.

‘वडील मागच्या वर्षी वारले. त्या नदीकाठच्या दिवसाबद्दल त्यांनी आम्हाला फार थोडं सांगितलं. ते मांडीत गोळी लागून चरात पडले होते, तुम्ही जेवण घेऊन पुढं निघाला होता, आणि तुम्ही त्यांच्या शेजारी चिखलात आडवे होऊन सकाळपासून अंधार पडेपर्यंत जखम मुठीनं दाबून धरली. तुम्ही निघून गेला असता तर मला वडील मिळाले नसते. मी तेव्हा तीन वर्षांची होते. तुम्ही दिवसभर त्यांच्याशी बोलत होता. त्यातलं त्यांना एकच कळलं, तुम्ही पुन्हा पुन्हा यस सर, यस सर म्हणत होता. बाकी काय बोलत होता ते कळायला हवं होतं, असं ते शेवटच्या आजारातही म्हणाले. तुम्हाला आठवत असेल तर मला सांगाल का?’

मार्थाबाईंनी चष्मा काढला. ‘केव्हा आलं हे पत्र?’

‘गुऱ्हाळं चालू होती तेव्हा.’

‘आठ महिने!’ त्या एकदम जुन्या नर्सच्या आवाजात म्हणाल्या. ‘ती पोरगी आठ महिने वाट बघतेय. ऊठ. उद्याची गाडी धर.’

दुसऱ्या दिवशी पॅसेंजरनं मी कोरेगावला उतरले आणि तिथून चालत घरी गेले. तात्या परसात भुईमुगाच्या शेंगा वाळत घालत होते. मी पिशवीही खाली न ठेवता सगळं सांगितलं. ब्रिकचा अर्थ सांगितला तेव्हा त्यांचे हात थांबले. ‘पुन्यांदा सांग,’ ते म्हणाले. मी पुन्हा सांगितला.

‘साहेब त्या दिशी मला धा-बारा येळा तरी म्हणला आसंल, ब्रिक, ब्रिक,’ ते म्हणाले. ‘मला वाटलं, शिवी देतोय. जखम दाबली की कळ यायची ना त्याला. म्हटलं, दुखतंय तर देईना का शिवी. तोंड मोकळं झालं की माणसाला बरं वाटतं.’

तीस वर्षं हा माणूस असं समजून चालला होता की ज्याच्यासाठी आपण दिवसभर चिखलात पडलो, तो आपल्याला शिव्या देत होता. आणि त्याबद्दल त्यांच्या मनात तक्रार नव्हती. मूठ ढिली करावी असंही त्यांना वाटलं नव्हतं. आई दारात येऊन उभी होती. तिनंही हे पहिल्यांदाच ऐकलं होतं.

‘भ्या न्हाई वाटलं?’ तिनं विचारलं.

‘थरथरत व्हतो की. दात वाजत व्हते. गोळ्या डोस्क्यावरनं जात व्हत्या, उठून पळावं तर मूठ काढावी लागणार. मग कसा पळू?’

माझा नातू लीड्सला शिकतो. मागं फोनवर मी त्याला या शब्दाची गंमत सांगत होते, तर म्हणाला, ‘आजी, आता इथं ‘ब्रिकिंग इट’ म्हणजे जाम टरकलेला.’ मी त्याला म्हटलं, मग दोन्ही अर्थांनी तुझे पणजोबा त्या दिवशी वीटच होते. त्याला ते फारसं कळलं नसावं.

‘आणि तात्या,’ त्या दिवशी परसात मी पुढं विचारलं, ‘दिवसभर तुम्ही यस सर, यस सर का म्हणत होता?’

‘यस सर?’ तात्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. ‘मी कशाला यस सर म्हणू? आमी साब म्हणायचो.’ मग त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हळूहळू उजळत गेलं आणि ते हसायला लागले. इतके की त्यांना परसातल्या दगडावर बसावं लागलं. ‘आगं, येसूर! येसूर म्हणत व्हतो मी!’

आमच्याकडं जोंधळे, हरभऱ्याची डाळ, धने, सुकं खोबरं, मिरच्या असं सगळं खमंग भाजून दळतात, त्याला येसूर म्हणतात. कालवणात पडला की दाटपणा येतो आणि वास शेजारच्या आळीपर्यंत जातो. तात्या सांगायला लागले. ‘त्यो डोळं मिटाय लागला. जखमी माणसाला झोपू द्यायचं न्हाई, एवढं मला ठावं व्हतं. बोलत ऱ्हायला पायजे. माझी इंग्रजी किती? टी रेडी साब, मील रेडी साब. ती संपली. मग मराठीत लागलो. देवाचं नाव बी आठवंना. आईचं मटणाचं कालवण तेवढं आठवलं. मग त्येच. आधी कांदा भाज, मग खोबरं भाज, वाटण लाव, तेल सुटू दे, आन मग येसूर. संपलं की पुन्यांदा पयल्यापास्नं. त्यानं डोळं मिटलं की मी कानात वरडायचो, येसूर! की उघडायचा. शंबरदा केलं आसंल त्ये कालवण त्या चरात.’ हसता हसता त्यांनी पंच्यानं डोळे पुसले. आई आत निघून गेली. चुलीपुढं ती काय करत होती ते मला दिसलं नाही, पण भांड्यांचा आवाज येत नव्हता.

सरांना सांगायचं की नाही, हा माझ्यापुढचा प्रश्न होता. तात्या म्हणाले, ‘मास्तरला लाजवू नगंस. त्येंच्यामुळं तू शिकाय लागलीस.’ पण मी गेले. हायस्कूलच्या पायरीवर उभी राहून खाली मान घालून सांगितलं. सरांनी सगळं ऐकलं, पत्र मागून घेतलं आणि दुसरं पान दोनदा वाचलं. त्यांचे कान लाल झाले होते. ते तसेच वर्गात निघून गेले, आणि मला वाटलं, मी आपले सर गमावले. दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल अंगणात टाकून ते आले. आळीत स्वतः फिरून त्यांनी माणसं गोळा केली होती. सर्जेरावाला तर हाताला धरून आणला होता. सगळे बसल्यावर ते उभे राहिले. ‘मागं मी हे पत्र चुकीचं सांगितलं,’ ते म्हणाले. ‘मला तो शब्द ठाऊक नव्हता. ठाऊक नाही, असं म्हणायला हवं होतं. पण तुम्ही सगळे माझ्याकडं बघत होता आणि मला तसं म्हणवेना. आता नीट ऐका.’ मग त्यांनी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पत्र वाचलं. चिखलातला दिवस आला तेव्हा पारावरचे पेन्शनर ताठ झाले. वाचून झाल्यावर सरांनी तात्यांना वाकून नमस्कार केला. तात्या गडबडून मागं सरले. ‘आवं मास्तर, काय करतासा!’

पुढं मीही शिक्षिका झाले, चौतीस वर्षं सांगलीत इंग्रजी शिकवलं. वर्गात एखादा शब्द अडला की मी खडू खाली ठेवून म्हणायची, ‘मला माहीत नाही, उद्या बघून सांगते.’ मुलं हसायची. हे धैर्य मला बर्वे सरांनी त्या सकाळी दिलं.

त्या सकाळी सर्जेराव सगळ्यात शेवटी उठला. तात्यांच्या पुढं उभा राहून पागोटं खालीवर करत म्हणाला, ‘तात्या, लय चुकलं माजं.’ तात्या म्हणाले, ‘आसू दे रं. बस, च्या पिऊन जा.’ सर्जेराव बसला नाही. ‘तुळशीचं लगीन झालं की आमच्या थोरलीचं लगीन हाय,’ तो म्हणाला. ‘आचारी कोरेगावातनं सांगितलाय. पर तुमी येणार आसला तर त्याला न्हाई म्हणून सांगतो.’ तात्यांनी आईकडं बघितलं. आई म्हणाली, ‘कंबर बरी झाली आता त्येंची.’

मार्गारेटबाईंना उत्तर आम्ही तिघांनी मिळून लिहिलं. तात्या सांगायचे, मी लिहायची, सर तपासायचे. कालवणाची कृती पहिल्या कांद्यापासून लिहिली, जशी त्या चरात सांगितली होती तशी. आईनं येसूर नुसता लिहून पाठवायला नकार दिला. ‘त्या पोरीला कागद हुंगून काय कळायचंय?’ तिनं दोन दिवस भाजणी केली, दळून आणलं, डब्यात दाबून भरलं. मी डब्याला मांजरपाट शिवला, पोस्टात लाख लावून घेतली, आणि पोस्टमास्तरनं ‘काय आहे आत?’ विचारल्यावर तात्या म्हणाले, ‘उत्तर हाय.’

थंडीत तिचं पत्र आलं. मी सुट्टीला घरी होते. आता मीच वाचलं. तिनं मेंढीचं मटण आणलं होतं, कृती भिंतीला टाचून ठेवली होती आणि दिवसभर खपून कालवण केलं होतं. पोरांच्या डोळ्यांतून तिखटानं पाणी आलं, पण त्यांनी पातेलं पावानं पुसून खाल्लं. तिची म्हातारी आई नवऱ्याच्या लढाईबद्दल आयुष्यात कधी बोलली नव्हती. तिनं पहिला घास घेतला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, ‘म्हणजे हे ऐकत होता तो दिवसभर.’ आणि मग तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मी वाचून थांबले. आई डोळे पुसत होती. तात्या भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं, त्यांना भरून आलंय, थोडं थांबावं. मग त्यांनी डोळे उघडले.

‘मीठ बरूबर पडलं व्हतं का, त्ये न्हाई लिवलं तिनं?’

‘नाही तात्या.’

‘मग इचार की,’ ते म्हणाले, आणि उठून कांदे घ्यायला आत गेले.